टिकटिकवाल्यांचा बाक

रक्त द्यायला लागतात दोन मिनिटं आणि रिपोर्ट यायला अडीच तास. आता अडीच तास माणूस करणार काय? मोबाईल बघून बघून किती बघणार? मग शेजारचा बोलतो, आपण बोलतो, पलीकडची बाई मध्येच तोंड घालते, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत दोन किस्से तयार! सहा वर्षं झाली मला त्या बाकावर बसायला. आता तुम्हीच हिशोब करा.

बाक म्हणजे आमच्या सोलापुरातल्या एका हॉस्पिटलच्या हार्ट ओपीडीबाहेरचा. दर महिन्याचा दुसरा मंगळवार. बसणारे सगळे एकाच जातीचे: छातीत धातूचा व्हॉल्व्ह बसवलेले. म्हणजे हृदयाची झडप खराब झाली, ती काढून नवी घातली. ती झडप मिटताना बारीक टिक वाजते. त्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून रोज एक गोळी, आणि रक्त हवं तेवढं पातळ आहे ना हे बघायला दर महिन्याला ही टेस्ट. तिचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये आला की आम्ही खूश. खाली गेला की गाठीची भीती, वर गेला की रक्तस्रावाची.

मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून बाकावर सगळे मला 'बाई' म्हणतात. खरं नाव कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

*

पहिल्या दिवशी मी अगदी अंग चोरून बसले होते. ऑपरेशनला दोनच महिने झालेले, छातीवरचा टाका ओढायलेला, मनात नाही नाही ते विचार. शेजारी एक नऊवारीतली बाई. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "वरचं का खालचं?"

मला कळेना. म्हटलं, "काय?"

"व्हॉल ओ! वरचं बदलला का खालचं?"

ही आमची पद्मक्का. पूर्व भागातली, घरात तेलुगू, हातात विड्या वळायचं सूप. मी म्हटलं, "डावीकडचा खालचा. मायट्रल."

"माझं पण तेच," ती म्हणाली. अशा आनंदानं, की जणू आमचं माहेर एकाच गल्लीत निघालं!

तेवढ्यात पलीकडून एक दाढीवाले गृहस्थ पुढे वाकले. उस्मानचाचा, टेम्पो चालवायचे. दोन बोटं वर करून म्हणाले, "मेरे तो दोनों बदले, बाई. डबल सिलेंडर!"

ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा हसले. टाका दुखला, पण हसले.

*

बाकावर नवा माणूस आला की एक प्रश्न ठरलेला. "तुमचं किती दिवसांनी सापडलं?" म्हणजे दम लागायला लागल्यापासून व्हॉल्व्ह खराब आहे हे कळेपर्यंत किती काळ गेला.

मला विचारलं तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, "सात आठवडे." जिना चढताना दम लागला, मावसबहीण नर्स आहे, तिनं ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी खुर्ची दिली, पंधरा मिनिटं तपासलं, त्याच दिवशी इको.

बाकावर एकदम शांतता. इतकी, की सगळ्यांची टिकटिक ऐकू यायला लागली.

मग पद्मक्का म्हणाली, "अकरा वर्षं."

अकरा वर्षं तिला सगळीकडे दमाच सांगितला. कारण प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच. "काम काय करता?" तिनं "विडी" म्हटलं की पुढचं ऐकायच्या आधीच डॉक्टरांचं पेन चालायला लागायचं. तंबाखूची धूळ, दमा, हा घ्या पंप! पंप मारून मारून तिचं तोंड कडू झालं, दम तसाच.

"मग सापडलं कसं?" मी विचारलं.

"शाळेत शिबिर होतं. एक पोरगी आली होती डॉक्टर. बाहेरच्या राज्यातली, नवीनच. तिला तेलुगू येत न्हवतं, मराठी येत न्हवतं. मला हिंदी सुचत न्हवतं. आता ती विचारणार काय आणि मी सांगणार काय? बोलणंच नाही म्हटल्यावर बिचारीनं छाती ऐकली!"

आम्ही हसलो खरं, पण मी जरा कमीच. माझ्या सात आठवड्यांची मला का कोण जाणे लाज वाटायला लागली होती. ते उस्मानचाचांच्या लक्षात आलं असावं. ते मोठ्यानं म्हणाले, "टाळी बजाओ रे! बाई फर्स्ट क्लास फर्स्ट!"

*

गुरुशांत आप्पा अक्कलकोटच्या पुढच्या एका गावचे. किराणा दुकान. बोलायला कन्नड आणि मराठी दोन्ही सारखंच फर्डं. पण छातीत कळ आली की मराठी गुल. फक्त कन्नड शिल्लक!

आणि ती कळ त्यांना नेमकी पुण्यात आली, मुलाकडे गेले असताना. मुलगा ऑफिसात. शेजाऱ्यानं जवळच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण, चांगला पोरगा. विचारलं, "आजोबा, काय होतंय?"

आप्पा छाती धरून म्हणाले, "एदे नोवु! एदे नोवु!" म्हणजे छातीत दुखतंय.

डॉक्टरला ऐकू आलं, "येडं नव्हं! येडं नव्हं!"

तो म्हणाला, "आजोबा, तुम्हाला वेडं कोण म्हणालं?"

आप्पा आणखी घाबरले. कळ वाढली. आणखी जोरात, "एदे नोवु रीऽऽ!"

डॉक्टर शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "घरी काही भांडण वगैरे? सारखं वेडा नाही, वेडा नाही म्हणतायत." आणि चिठ्ठी लिहिली, थेट मानसोपचारतज्ज्ञांच्या नावानं!

आता नशीब बघा. ते मानसोपचारतज्ज्ञ निघाले विजापूरकडचे. आप्पांनी दारातूनच "एदे नोवु" म्हटलं आणि ते खुर्चीवरून उठलेच. "एल्ली नोवु, यजमान?" कुठं दुखतंय? आप्पा म्हणतात, ते दोन शब्द ऐकून त्यांना रडूच फुटलं. तासाभरात आप्पा मोठ्या हॉस्पिटलात होते. वरचा व्हॉल्व्ह, एओर्टिक, जवळजवळ बंद झाला होता.

आप्पा हा किस्सा संपवताना नेहमी तेच म्हणतात. "मला मेंटलच्या डॉक्टरनं वाचवलं. पहिल्याचं मराठी लई चांगलं होतं, तेच नडलं!"

त्या दिवशी पद्मक्का म्हणाली, "तुमच्यात छातीला एदे म्हणतात होय? आमच्यात हृदयाला गुंडे म्हणतात."

उस्मानचाचा म्हणाले, "वो तो दिखताच है! कित्ता तरास दिये उनो!"

*

हा छोटासा. दहावीची परीक्षा, मी सुपरवायझर. हॉलमध्ये चिडीचूप. मी पहिल्या बाकाशी उभी. पहिल्या बाकावरच्या मुलीनं दोन-तीनदा वर बघितलं. शेवटी काकुळतीला येऊन म्हणाली, "बाई, तुमचं घड्याळ बंद करा ना. टेन्शन येतंय."

म्हटलं, "बाळा, ते बंद पडलं तर मला उचलायला चार जण लागतील. तू गणित सोडव!"

*

उस्मानचाचांचा आकडा एकदा बिघडला तो बिघडलाच. एक पॉइंट चार, मग एक पॉइंट सहा, परत एक पॉइंट चार. दोन-दोन धातूचे व्हॉल्व्ह आणि रक्त घट्ट! आमच्या मॅडम, म्हणजे हार्टच्या डॉक्टर, रागावल्या. गोळी चुकवता का? चाचा कुराणाची शपथ घ्यायला तयार. गोळी वाढवली. आकडा तिथंच. चाचांचं हसणं बंद झालं. "बाई, अब क्या कि मेरा..." म्हणाले.

त्या मंगळवारी काहीतरी करायचं म्हणून मी त्यांची फाईल चाळायला घेतली. आत डाएटचा कागद. असा कागद आम्हाला सगळ्यांनाच मिळाला होता. माझ्यावर लिहिलं होतं, 'पालेभाज्या रोज सारख्याच प्रमाणात, एकदम जास्त नको.' कारण पालेभाजी जास्त झाली की गोळीचा जोर कमी होतो. आप्पांच्याही कागदावर तेच. पद्मक्काच्याही.

चाचांच्या कागदावर? 'मटण बंद. बिर्याणी बंद. तेलकट बंद.' पालेभाजीचं नावही नाही!

मी विचारलं, "चाचा, हे कुणी लिहिलं?"

"वो डाएटवाली बच्ची. नाम पूछी, लिखना चालू."

"आणि तुम्ही रोज खाता काय?"

"मेरेकू मटण बचपन से जमताच नै, बाई. तुम्हारी भाभी रोज शेपू बनाती. नै तो अंबाडी. नै तो मेथी. डॉक्टर बोले मटण बंद, तो मैं बोला चलो, भाजी डबल करो!"

मी तो कागद घेऊन तशीच आत घुसले. नंबर नसताना! मॅडमनी कागद वाचला, चष्मा काढला, परत घातला. मग चाचांना आत बोलावून म्हणाल्या, "चाचा, चूक आमची आहे. तुम्ही काय खाता हे आम्ही विचारलंच नाही."

दोन महिन्यांत आकडा दोन पॉइंट नऊ! चाचांनी बाकावर सगळ्यांना पेढे दिले. आणि त्या डाएटवाल्या मुलीला काय दिलं माहितेय? शेपूची जुडी. "बेटी, नाराज नक्को हो. इत्ती बच गई, तू खा!"

हल्ली ती मुलगी नाव विचारायच्या आधी जेवण विचारते.

*

बिरामामा सांगोल्याकडचे. मेंढरं. वर्षातले सात-आठ महिने पायाला भिंगरी. त्यांच्या जुन्या फाईलवर, म्हणजे आधीच्या हॉस्पिटलच्या, कुणीतरी लाल पेनानं लिहिलं होतं, 'औषधाबाबत बेफिकीर.'

मॅडमनी पहिल्यांदाच विचारलं, "मामा, दर महिन्याला का येत नाही?"

"मॅडम, पुढच्या मंगळवारी मी कुटं आसन, ते मला न्हाय म्हाईत. मेंढरांस्नी म्हाईत."

"आणि गोळी?"

"गोळी कशी चुकंल? दिस बुडताना मेंढरं मोजतो की गोळी घेतो. तीन वर्सांत येक मेंढरू चुकलं आसंल, गोळी न्हाय!"

मॅडमनी ते लाल अक्षर खोडलं. म्हणाल्या, जिथं असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात रक्त द्या, आकडा कळवा, मी गोळी कमी-जास्त सांगते. कळवायचं कुणाला? मॅडमचा फोन ओपीडीत बंद. मग मधला माणूस कोण? अर्थात मी!

तर एकदा मी नववीच्या वर्गात होते. धडा भूकंपाचा. केंद्र, लहरी, रिश्टर स्केल, सगळं फळ्यावर. आणि टेबलावरचा फोन वाजला. बिरामामा! उचलावाच लागतो. घाईत बोट स्पीकरवर पडलं.

"बाई! दोन पॉइंट आट हाय!"

वर्ग स्तब्ध.

मी म्हटलं, "बरं बरं. मामा, आहात कुठं?"

"करमाळ्यात! घाबरायचं काय कारन न्हाय. मी बी नीट हाय, जनावरं बी समदी नीट हायती!"

मी फोन ठेवला आणि वळून बघते तर काय, पन्नास माना खाली! सगळी पोरं भराभर वहीत लिहीत होती. मी पुढच्या मुलीची वही उचलली. सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'उदा. तीव्रता २.८. केंद्र: करमाळा. जीवितहानी नाही.'

*

आता शेवंताचं.

शेवंता पारध्यांची. मोहोळच्या पुढं माळावर त्यांची पालं आहेत. वय बावीस, बाजाराला पिना-फण्या विकायची. पाचवा महिना, आणि चार पावलं चालली की धाप. आमच्या आधी दोन ठिकाणी जाऊन आली होती. दोन्हीकडे टेबलापलीकडूनच विचारलं, टेबलापलीकडूनच लोहाच्या गोळ्या दिल्या. छातीला नळी कुणी लावलीच नाही. आमच्याकडे आली तर गेटवर वॉचमननं अडवलं. पेशंट आहे म्हटल्यावर म्हणाला, पिशवी उघडून दाखव.

हे सगळं ती बाकावर माझ्या शेजारी बसून सांगत होती. आणि मी काय करत होते ते सांगते, लपवत नाही. मी माझी पर्स तिच्या बाजूनं काढून दुसऱ्या बाजूला घेतली होती. कुणी सांगितलं नव्हतं. हातानं आपोआप केलं.

तेवढ्यात रक्तासाठी माझा नंबर पुकारला. शेवंता म्हणाली, "बाई, पर्स ठिवा की हितंच. मी बघते. तुमी रगत देऊन या."

ती टोमणा मारत नव्हती. मनापासून म्हणत होती. त्यानंच जास्त लागलं. मी पर्स तिच्या मांडीवर ठेवली आणि आत गेले. सुई टोचली तेव्हा मला काही कळलंही नाही.

मॅडमनी तिला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. मायट्रल व्हॉल्व्ह आकसलेला, माझ्यासारखाच. तिचा फुग्यानं उघडणार होते, जांघेतल्या शिरेतून, छाती न उघडता.

पुढचं मला मॅडमनी सांगितलं. त्यांनी चार शिकाऊ डॉक्टर तिच्या कॉटभोवती उभे केले. हा आवाज ऐकायला फार अवघड, फार हलका असतो म्हणे. चौघांनी नळी लावली, चौघांनी मान हलवली, "येस मॅडम, आवाज आहे." मॅडमनी विचारलं, "कसा आहे?" चौघंही फाईल चाळायला लागले.

शेवंता म्हणाली, "मी सांगू?"

तिनं नळी कानाला लावली, डोळे मिटले, थोडा वेळ ऐकलं. आणि तोंडानं आवाज काढून दाखवला. ठप्प असा एक ठोका, मग बारीक टक, आणि मग खाली दबलेली घरघर, पुढच्या ठोक्याआधी जराशी चढणारी. हुबेहूब! मॅडम म्हणाल्या, "परत कर." तिनं परत केलं. तिचा आजा तितराची हाक अशी काढायचा की तितर उत्तर द्यायचं, आणि लहानपणी ती त्याच्याच बरोबर फिरायची. त्या चौघांना त्या दिवशी पहिल्यांदा तो आवाज खरोखर ऐकू आला.

फुग्याचं काम उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी परत तेच चौघं, परत नळी, परत, "येस मॅडम, घरघर आहे."

शेवंतानं नळी मागून घेतली, ऐकलं आणि हसायला लागली. "न्हाय मॅडम. घरघर गेली. ही पोरं फायलीत वाचून सांगत्यात!"

चार महिन्यांनी तिला मुलगा झाला. दोघं ठणठणीत.

आणि परवाचा मंगळवार. शेवंता आली. एका हाताशी तान्हं, दुसऱ्या हाताशी सात वर्षांची एक मुलगी. नणंदेची पोर. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पोरगी मजेत आहे. व्हॉल्व्हची गळती आहे, पण थोडी. दर एकवीस दिवसांनी एक इंजेक्शन, शाळा चालू, ऑपरेशन नाही. वेळेत सापडलं.

मॅडमनी विचारलं होतं, "हिला काय होतंय?"

"हिचं कायबी दुखत न्हाय. गुडघं सुजलं हुतं, ते बी गेलं. पण मी पालावरच्या समद्या पोरांच्या पाठीला कान लावला. बाकीची नीट हायती. हिचं वेगळं वाजतंय. माझ्यावानी न्हाय. हिचं फुस्स करतंय."

मॅडमनी पोरीच्या छातीला नळी लावली. बराच वेळ काढली नाही. मग इकोचा फॉर्म ओढला आणि भरायला लागल्या. नाव, वय, कशासाठी, आणि 'कोणत्या डॉक्टरांनी पाठवले'.

तो फॉर्म घेऊन शेवंता बाहेर येऊन बसली. पद्मक्का, चाचा, आप्पा, मी, सगळे होतोच. इकोच्या काउंटरवर नवीन क्लार्क आला आहे. त्यानं फॉर्म घेतला, वाचला, कॉम्प्युटरवर डॉक्टरांची यादी वरून खाली बघितली, परत खालून वर बघितली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "ते डॉक्टर शेवंता म्हणून कोण आहेत, कुठं बसतात?"

पद्मक्कानं मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली,

"हितंच. दर महिन्याचा दुसरा मंगळवार."